यादी 72 हजारांची, गाडी 380 किलोमीटरची

वाचकाचं पत्र: तीन आठवड्यांपूर्वी हिरो एक्सपल्स 200 4व्ही घेतली. मीटरवर 380 किलोमीटर झालेत. रोज कोल्हापुरातून गोकुळ शिरगाव एमआयडीसीला जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर, आणि सुट्टीच्या दिवशी गगनबावडा, राधानगरी, आंबोली असा बेत असतो. याआधी 125 सीसीची गाडी होती, कच्च्या रस्त्यावर फार चालवलेली नाही. उंची 5 फूट 5 इंच, वजन 61 किलो. ओळखीच्या मेकॅनिकने यादी काढून दिली आहे: क्रॅशगार्ड, हँडल रायझर (हँडल वर उचलणारे तुकडे), जादा दिवे, नॉबी (मोठ्या गाठींचे) टायर, फ्री-फ्लो (मोकळा) सायलेन्सर, पुढचं 12 दातांचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक), सॅडल स्टे (बाजूच्या बॅगांसाठी लोखंडी आधार), आणि पाय टेकत नाहीत म्हणून गाडी दीड इंच खाली घेणं. सगळं मिळून 72 हजार. ग्रुपमधले म्हणतात, 15 ऑगस्टला आंबोलीला जायचंय, त्याआधी उरकून टाक. घरचे म्हणतात, नव्या गाडीला पानाही लावू नको. नेमकी कधी सुरुवात करू?

उत्तर:

पाना आजच लावा, पण पाकीट काढू नका. तुमच्या यादीत नसलेली चार-पाच कामं आहेत. ती फुकट होतात आणि पहिल्या दिवशीच करायची असतात. यादीतलं एक काम पहिल्या सर्व्हिसनंतर लगेच करा. बाकीची बरीचशी दोन-तीन हजार किलोमीटर होईपर्यंत थांबली तर बिघडत नाही. त्यातली निम्मी तोवर यादीतून आपोआप गळतील. दोन कामं आम्ही सरळ खोडली आहेत, त्यांची कारणं पुढे येतीलच.

आधी पहिल्या सर्व्हिसचं बघू. हिरोची पहिली सर्व्हिस 500 ते 750 किलोमीटरच्या दरम्यान असते, म्हणजे तुमच्या हातात अजून आठवडा-दोन आठवडे आहेत. तोवर गाडी शोरूममधून आली तशीच राहू द्या. इंजिन अजून मोकळं होतंय, चेन ताणली जातेय, चाकाच्या तारा बसताहेत, क्लच आणि ब्रेक घासून जागेवर येताहेत. या काळात गाडी कुठे थरथरते, कुठून आवाज येतो, थंड असताना कशी चालू होते, हे तुम्हाला कानाने आणि हाताने ओळखीचं व्हायला हवं. आत्ताच क्रॅशगार्ड, सायलेन्सर आणि स्प्रॉकेट एकदम बसवलंत आणि उद्या 5500 आरपीएमला पायाखाली झिणझिण्या आल्या, तर दोष कुणाचा ते कुणीच सांगू शकणार नाही. सर्व्हिस सेंटरवाला क्रॅशगार्डकडे बोट दाखवेल आणि त्याचंही चुकणार नाही. गाडीला पाच वर्षं किंवा 70,000 किलोमीटरची वॉरंटी आहे. तीन आठवड्यांत तिच्यावर पाणी सोडायचं काही कारण नाही.

इंजिन मोकळं करणं म्हणजे गाडी मरतुकडी चालवणं नाही. एकाच वेगात तासभर हायवेवर नेऊ नका, वरच्या गिअरमध्ये गुरगुरत चढ चढवू नका, थंड इंजिन पिळू नका. वेग कमी-जास्त होत राहील असा रस्ता निवडा. तुमचा गगनबावड्याचा रस्ता त्यासाठी उत्तम आहे.

आता फुकटची कामं. संध्याकाळी अर्धा तास काढा. गाडी कुणाला तरी धरायला लावा आणि फूटपेगवर उभे राहा, गुडघे किंचित वाकलेले, नजर समोर. हात हँडलवर ठेवा. मनगटं वर मोडत असतील तर क्लच आणि ब्रेकचे लिव्हर खाली फिरवा, बोटं आणि पुढचा हात जवळपास एका रेषेत यायला हवा. शोरूममधून येणाऱ्या बहुतेक गाड्यांचे लिव्हर बसून चालवणाऱ्याच्या सोयीने वर ठेवलेले असतात. त्यानंतर हँडलच्या क्लॅम्पचे बोल्ट सैल करून हँडल थोडं पुढे फिरवून बघा. हँडलचा उभा भाग पुढच्या फोर्कच्या रेषेत आला की उभं राहणं सोपं जातं. दोन-तीन मिलिमीटरनेही फरक कळतो. बूट घालून ब्रेक पेडल आणि गिअर लिव्हरची उंची बघा, कारण चपलेवर जुळवलेल्या गिअर लिव्हरखाली जाड बूट जात नाही.

हे झालं की रायझरचा प्रश्न अर्धा सुटतो. तुमच्या उंचीला तर बहुधा पूर्णच. हिरोने 2023च्या मॉडेलपासून फूटपेग 35 मिलिमीटर खाली आणि थोडे मागे नेले आहेत, त्यामुळे उभं राहिल्यावर हँडल आधीच्या मॉडेलपेक्षा हाताला वर लागतं. सहा फुटी माणसाला रायझर लागतो. 5 फूट 5 इंचाच्या माणसाने 25 मिलिमीटरचा रायझर लावला तर बसून चालवताना खांदे वर चढतील. शिवाय हँडल पूर्ण वळवल्यावर क्लचची केबल आणि पुढच्या ब्रेकचा पाइप ताणला जातो का, हे बघावं लागतं. ताणली गेलेली थ्रॉटल केबल हँडल वळवताना आपोआप रेस वाढवते, आणि ते चिखलातल्या वळणावर कळावं असं कुणालाच वाटणार नाही.

उंचीबद्दल. सीट 825 मिलिमीटरवर आहे, तुमची दोन्ही पावलं सपाट टेकणार नाहीत, हे खरं. पण गाडी दीड इंच खाली घेण्याचं काम आम्ही खोडलंय. मागच्या शॉकची लिंक बदलून आणि फोर्क क्लॅम्पमधून वर सरकवून गाडी खाली येते, पण त्याबरोबर 220 मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्सही (गाडीच्या पोटाखालची मोकळी जागा) जातो, म्हणजे ज्यासाठी ही गाडी घेतली तेच गेलं. दुसरं, साइड स्टँड तेवढाच लांब राहतो. गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि उतारावर किंवा वाऱ्याने दुसऱ्या अंगावर आडवी होते. मग स्टँड कापून वेल्डिंग करा, असं ते लांबत जातं. मागचं आणि पुढचं टोक सारखं खाली गेलं नाही तर स्टिअरिंगचा स्वभावही बदलतो.

त्याऐवजी मागच्या शॉकचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवली आहे ते, बघा. तो दहा पायऱ्यांचा आहे आणि तुमच्या 61 किलोला तो नक्की किती हवा, हे मोजून ठरवता येतं. मागचं चाक जमिनीपासून उचललेलं ठेवा. या गाडीला कंपनीचा मधला स्टँड येत नाही, तेव्हा दोघांनी धरून साइड स्टँडवर कलती केली तरी चालेल. मागच्या एक्सलच्या मध्यापासून सरळ वर, शेपटाजवळ टेपचा तुकडा चिकटवून तिथपर्यंत अंतर मोजा. मग गाडी चाकांवर ठेवून, तुम्ही हेल्मेट-बुटांसकट, पाय फूटपेगवर, एकाने पुढून धरलेलं, असं पुन्हा मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे तुमच्या वजनाने गाडी किती बसते ते. मागच्या चाकाचा वर-खाली प्रवास 170 मिलिमीटरचा आहे, त्याच्या साधारण एक तृतीयांश, म्हणजे 50 ते 55 मिलिमीटर हा फरक यायला हवा. तुमचा बहुधा 40च्या आसपास येईल, कारण स्प्रिंग जड माणूस आणि मागे सीटवाला धरून निवडलेली असते. एकेक पायरी सैल करत 50ला आणा. जमीन सेंटिमीटरभर जवळ येईल आणि मागचं चाक दगडांवरून उड्या मारणं कमी करेल.

तिसरं माप विसरू नका: गाडी स्वतःच्या वजनाने, तुम्ही वर नसताना, किती बसते. ते 15 ते 25 मिलिमीटर असेल तर स्प्रिंग तुम्हाला योग्य आहे. प्रीलोड सगळ्यात सैल करूनही तुम्ही बसल्यावर गाडी 50 मिलिमीटर बसत नसेल, किंवा तेवढी बसतेय पण रिकामी असतानाच 35-40 बसलेली असते, तर स्प्रिंग तुमच्या वजनाला कडक आहे. तेव्हाही आजच्या आज स्प्रिंग शोधू नका. नवा शॉक आणि फोर्कचे सील पहिल्या हजार किलोमीटरमध्ये बरेच मोकळे होतात. तेव्हा पुन्हा मोजा.

एवढ्यावरही पाय फारच अधांतरी वाटले तर सीटचा फोम वीस मिलिमीटर कमी करून घ्या, तोही कडेने, मांड्या जिथे येतात तिथे. मूळ सीट जपून ठेवायची असेल तर जुनी सीट मिळवून तिच्यावर प्रयोग करा. आणि एक पाय टेकवून थांबायचा सराव करा: थांबण्याआधी बूड सीटवर एका बाजूला सरकवायचं, डावा पाय खाली, उजवा ब्रेकवर. रस्त्याच्या उंच बाजूला पाय टेकवायचा, खड्ड्याच्या बाजूला नाही. ही गाडी पाडणारे बहुतेकजण ती चालवताना नाही, थांबताना पाडतात.

सर्व्हिसला गाडी टाकताना नुसतं ऑइल बदलून घेऊन येऊ नका. चाकाच्या तारा तपासायला सांगा, आणि नाही तपासल्या तर घरी स्वतः तपासा. नव्या चाकाच्या तारा पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये सैल पडतात, त्यातून खडबडीत रस्ता असेल तर जास्तच. बारीक पान्याने एकेक तार वाजवत चाक फिरवा. सगळ्यांचा आवाज साधारण सारखा टणटणीत यायला हवा, बद्द वाजली ती सैल. सैल तारेचा भार शेजारच्या तारांवर जातो, मग त्या तुटतात आणि रिम वाकडी होते. तार पाव वळशापेक्षा जास्त एका वेळी आवळू नका. चेनचा ढिलेपणा स्विंगआर्मवरच्या स्टिकरप्रमाणे ठेवा आणि घट्ट ठेवण्याचा मोह टाळा. चाक इतकं वर-खाली होणाऱ्या सस्पेन्शनमध्ये मागचं चाक वर जाताना चेन आणखी ताणली जाते. स्टँडवर नेमकी वाटणारी चेन खड्ड्यात गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ओढ देते. पुढचं चाक उचलून फोर्क पुढे-मागे हलवून बघा, स्टिअरिंगच्या बेअरिंगमध्ये खटखट जाणवली तर तिथेच आवळून घ्या.

सर्व्हिस झाली की क्रॅशगार्ड. यादीतली ही एकच गोष्ट अशी आहे जिच्यासाठी अनुभव येईपर्यंत थांबण्यात अर्थ नाही, कारण नवशिक्या हातात गाडी पडणार आहे, आणि ती पहिल्या दोन-तीन महिन्यांतच पडणार आहे. मात्र गार्ड निवडताना चकाकी बघू नका. प्रत्येक बाजूला तो किती ठिकाणी पकडलाय ते बघा. दोनच बोल्टवर लटकणारा गार्ड पडल्यावर आत वळतो आणि ज्या टाकीला वाचवायचं तिलाच पोचा पाडतो. डाव्या-उजव्या गार्डला जोडणारा आडवा पाइप असेल तर धक्का वाटला जातो. समोरच्या ऑइल कूलरला हवा अडत नाही ना, ऑइल फिल्टर आणि ड्रेन बोल्ट गार्ड न काढता निघतो ना, हे दुकानातच तपासा. बरेच गार्ड इंजिन माउंटिंगच्या बोल्टवर बसतात. तिथे मेकॅनिकने अंदाजाने न आवळता टॉर्क रेंच वापरावा आणि शंभर-दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा तपासावा. खालच्या संरक्षणासाठी वेगळा खर्च नको, कंपनीची स्किड प्लेट तुमच्या आत्ताच्या चालवण्याला पुरेल.

क्लच आणि ब्रेक लिव्हरचे क्लॅम्प मात्र करकचून आवळू नका. हँडलवर त्या जागी टेफ्लॉन टेपचे दोन वेढे द्या आणि हाताने जोर लावल्यावर लिव्हर फिरेल इतकंच आवळा. गाडी पडली की लिव्हर मोडण्याऐवजी फिरतो. तरी एक सुटा क्लच लिव्हर आणि एक गिअर लिव्हर बॅगेत असू द्या. त्यांना पैसे कितीसे लागतात?

पंक्चरचं सामान ही यादीत नसलेली आणि सगळ्यात निकडीची खरेदी. तुमच्या गाडीला ट्यूब आहे, पुढे 21 इंची. गगनबावड्याच्या पुढे कुठल्याही दुकानात 21ची ट्यूब मिळेल या भरवशावर राहू नका. एक नवी 21 इंची ट्यूब बरोबर ठेवा. अडचणीत ती मागच्या 18 इंची चाकातही घालून घरापर्यंत येता येतं, उलटं मात्र जमत नाही. तीन टायर लिव्हर, ठिगळं आणि सोल्युशन, छोटा पंप, दोन्ही एक्सलचे पाने, साबणाचं पाणी. घरी एका रविवारी मागचं चाक काढून ट्यूब बदलून बघा. पहिल्यांदा दोन तास लागतील आणि नवी ट्यूब लिव्हरमध्ये चिमटली जाण्याची शक्यता बरीच आहे. हे अंगणात झालेलं बरं.

इथवरची कामं ऑगस्टच्या आत होतात आणि 72 हजारांतले बरेच पैसे शिल्लक राहतात. त्यातून घोटा धरणारे बूट, गुडघ्याचे गार्ड आणि चांगले हातमोजे घ्या. मिळाला तर ऑफ-रोड प्रशिक्षणाचा एक दिवस. कुठल्याही सायलेन्सरपेक्षा गाडी जास्त पळेल.

उरलेल्या गोष्टींसाठी एक वही ठेवा. दर सुट्टीच्या रपेटीनंतर काय टोचलं ते एका ओळीत. तोच त्रास तीनदा लिहिला गेला, फुकटच्या जुळवणीने गेला नाही, तरच पैसे खर्च करा. उदाहरणार्थ स्प्रॉकेट. पुढचं 13 दातांचं काढून 12चं लावलं की गिअरिंग साधारण 8 टक्क्यांनी खाली येतं. दगडी चढावर पहिल्या गिअरमध्ये सारखा अर्धा क्लच धरावा लागत असेल तर हा बदल सोन्यासारखा आहे, स्वस्त आहे आणि तासाभरात परत फिरवता येतो. पण तुमचे आठवड्यातले पाच दिवस डांबरावर जातात. तिथे प्रत्येक वेगाला इंजिन 8 टक्के जास्त फिरेल, थरथर वाढेल, आणि लहान दातेरी चाकावर चेन जास्त वाकून जाते म्हणून तिची झीजही वाढेल. वहीत ‘चढावर क्लच जळाल्याचा वास’ असं आलं नाही तर विसरून जा.

टायरचंही तसंच. मूळ टायर जांभ्याच्या कोरड्या रस्त्यावर आणि मुरमावर व्यवस्थित चालतात, लाल चिखलात चालत नाहीत. त्या चिखलात नॉबीही फार चालत नाहीत, गाठी भरल्या की सगळे टायर गुळगुळीतच. उलट नॉबी टायर ओल्या डांबरावर ब्रेकला लांब जातात आणि लवकर झिजतात. मागचा मूळ टायर झिजेपर्यंत वापरा, तोवर तुम्हाला कळलेलं असेल की तुमचा चिखल महिन्यातून एकदाचा आहे की दर रविवारचा.

दिवे हवेतच असं रात्रीचा घाट वारंवार होऊ लागल्यावर ठरवा. लावाल तेव्हा हेडलाइटची वायर कापून जोड देऊ देऊ नका. बॅटरीपासून स्वतंत्र वायर, बॅटरीजवळच फ्यूज, रिले (विजेवर चालणारा स्विच), आणि रिलेला इग्निशननंतरचा करंट, म्हणजे किल्ली काढली की दिवे बंद. 15 वॉटचे दोन दिवे म्हणजे 30 वॉट, बारा व्होल्टला अडीच अँपिअर. 5 अँपिअरचा फ्यूज पुरतो. सगळं चालू ठेवून आयडलला बॅटरीवर मल्टिमीटर धरा. 13 व्होल्टच्या खाली उतरत राहिला तर दिवे बॅटरी खाताहेत. कापलेली वायरिंग हे वॉरंटी नाकारायचं सगळ्यात सोपं निमित्त असतं. सॅडल स्टे तर मुक्कामी प्रवास ठरेपर्यंत नकोच. मागच्या प्लेटवर बांधलेली एक मऊ बॅग दोन दिवसांना पुरते. गाडीचं वजन आधीच 159 किलो आहे आणि ताकद 19 पीएस. लोखंड घालत गेलात तर चिखलातून ती एकट्याने उचलताना प्रत्येक किलो मोजाल.

राहिला सायलेन्सर. तो आम्ही कायमचा खोडलाय. आवाज वाढतो, ताकद जाणवण्याइतकी वाढत नाही, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) गेला तर पीयूसीला अडचण येते, आणि आवाजाच्या कलमाखाली दंड 10,000 रुपयांपर्यंत जाऊ शकतो. पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवल्याचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करायला मनाई करतं आणि मालकाने केलेल्या प्रत्येक फेरफाराला 5,000 रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. लिव्हर फिरवणं, टायर त्याच मापाचे बदलणं यात काही धोका नाही. सायलेन्सर आणि मागची नंबरप्लेट आत दुमडणं मात्र चौकातच दिसतं. जे काही बसवाल त्याचं बिल ठेवा आणि विमा कंपनीला कळवा.

15 ऑगस्टला आंबोलीला जरूर जा, मूळ टायरांवर, क्रॅशगार्ड आणि ट्यूब घेऊन. कच्च्या भागात शिरताना दोन्ही टायरमधली हवा ठरलेल्या दाबापेक्षा चार-पाच पीएसआय कमी करा, पण वीसच्या खाली नको, दगडावर ट्यूब चिमटते. डांबराला लागल्यावर पुन्हा भरा, पंप त्यासाठीच आहे. गाडीला एबीएसचे (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) मोड असतील तर कच्च्या उतारावर ऑफ-रोड, डांबरावर परत रोड. रॅली मोडमध्ये एबीएस बंद असतो, तो इतक्यात नको. त्या दिवशी घाटात धुकं, माकडं आणि मक्याची कणसं खाणाऱ्यांच्या गाड्या भरपूर असतील, ग्रुपच्या वेगाने जाऊ नका. राधानगरीकडून जाणार असाल तर अभयारण्याच्या आतल्या वाटांवर परवानगीशिवाय गाडी घालायची नाही, पुढच्याने घातली तरीही. परत आल्यावर चाकं धुऊन पुन्हा एकदा तारा वाजवून बघा आणि क्रॅशगार्डचे बोल्ट तपासा.